मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण आणि रक्तदाब

कटिशूल व गृध्रसीचे अनेक रुग्ण मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या वेदनेसाठी आपल्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी असाच एक रुग्ण शस्त्रक्रियेच्या सहाव्या दिवशी आमच्याकडे आला. दोन्ही पाय जड झाले होते आणि सकाळपासून लघवी झाली नव्हती. आम्ही वातप्रकोप समजून स्नेहन-स्वेदन योजले. त्यात अर्धा दिवस गेला. नंतर एमआरआयमध्ये मज्जातंतूंवर दाब देणारे साचलेले रक्त दिसले. ते तातडीने काढल्यावर पायांत बळ आले, परंतु मूत्रवेगावरील ताबा पूर्णपणे परतला नाही. ही चूक इतर वैद्यबंधूंकडून होऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

मज्जारज्जूचा रक्तपुरवठा सरासरी धमनीदाबावर अवलंबून असतो. वरच्या दाबात खालच्या दाबाची दुप्पट मिळवून तिनाने भागले की तो साधारणपणे मिळतो. १२०/८० असता तो सुमारे ९३, तर ९०/६० असता ७० येतो. सूज किंवा रक्तसंचयाने मज्जारज्जू आधीच दाबला गेला असेल, तर कमी रक्तदाबाने इजा वाढते. मज्जारज्जूच्या तीव्र आघातात हा दाब ८५ ते ९० ठेवावा, असे २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शनात होते. २०२४ च्या शिफारशीत किमान ७५-८०, पण ९०-९५ पेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा आहे. हे काम रुग्णालयातील अतिदक्षता विभागाचे. मात्र अनियंत्रित उच्च रक्तदाबाने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही विसरू नये.

औषधालय चालकांचा येथे थेट संबंध येतो. सर्पगंधेतील रिसर्पिन रक्तदाब उतरवते. तिच्या या गुणाविषयी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये लेख प्रसिद्ध केला होता. आधुनिक औषधांसोबत ती घेतल्यास दाब फार खाली जाऊ शकतो. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. लसणाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव लांबू शकतो. म्हणून शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णास चालू असलेल्या सर्व औषधांची लेखी यादी द्यावी व ती शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांना दाखविण्यास सांगावे. रक्तदाबाची चालू औषधे रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत.

पायांतील नवी किंवा वाढती दुर्बलता, मूत्रावरोध, मलवेगावरील ताबा जाणे, गुदाभोवती व मांड्यांच्या आतील बाजूस बधिरता, असह्य वाढती वेदना, ज्वर अथवा जखमेतून स्राव यांपैकी काहीही आढळल्यास ती आत्ययिक अवस्था समजावी. अशा वेळी अभ्यंग, कटिबस्ती वा बस्ती देऊ नये. नाडी व रक्तदाब नोंदवून रुग्णास त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासात, शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. आपली चिकित्सा नंतरही करता येते; गेलेली वेळ मात्र परत आणता येत नाही.