मत्स्यटाकीतील पाणवनस्पतींसाठी दिव्याची निवड

शोभिवंत माशांचे संगोपन हा शेतीला पूरक असा जोडधंदा होऊ शकतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील अशा संगोपन केंद्रांचाही समावेश करण्यात आला. टाकीत माशांबरोबर जिवंत पाणवनस्पती ठेवल्यास माशांना आडोसा मिळतो, आणि त्यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारी नत्रयुक्त द्रव्ये वनस्पती शोषून घेतात. मात्र त्यासाठी दिव्याची निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

प्रस्तुत लेखकाने आपली पहिली टाकी पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवली होती. शिवाय वनस्पती जोमाने वाढाव्यात म्हणून वर मोठा दिवा लावून तो रात्री उशिरापर्यंत चालू ठेवला. पंधरवड्यात पाणी हिरवेगार झाले. एके दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले व त्यांतील चार दगावले. दिवसा प्राणवायू देणारे शेवाळ अंधारात तोच प्राणवायू वापरते. ते माजले की पहाटेच्या सुमारास माशांना प्राणवायू अपुरा पडतो.

अधिक प्रकाश म्हणजे अधिक वाढ, ही समजूत येथे घातक ठरते. पिकाने न उचललेल्या खतावर जसे तण पोसते, तसे वनस्पतींनी न वापरलेल्या प्रकाशावर शेवाळ पोसते.

वनस्पती आधी, दिवा नंतर

कोणते पीक घ्यावयाचे हे ठरल्यावरच आपण खताची मात्रा ठरवितो. तोच क्रम येथे पाळावा. आले, हळद व पानवेल ज्याप्रमाणे सावली सहन करतात, त्याप्रमाणे जावा फर्न, अनुबियास व क्रिप्टोकोरीन या वनस्पती मंद प्रकाशात तग धरतात. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर कोकणातील ओढ्यांत निसर्गतः आढळतात. या तिन्हींची वाढ सावकाश होते, म्हणून छाटणीचे कामही थोडे असते. जावा फर्न व अनुबियास यांचे आडवे खोड वाळूत पुरू नये, अन्यथा ते कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे.

दिव्याचे प्रमाण

दिव्याच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडा छापलेला असतो. तो दिव्यातून किती प्रकाश बाहेर पडतो हे दर्शवितो. वॅटचा आकडा केवळ विजेचा खर्च सांगतो. वरील वनस्पतींना दर लिटर पाण्यामागे १० ते २० ल्युमेन हे प्रमाण सर्वसाधारणपणे पुरेसे होते.

उदाहरणार्थ, ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच टाकीत वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते. तिला ४५० ते ९०० ल्युमेन प्रकाश लागेल. एल.ई.डी. दिवा दर वॅटला सुमारे १०० ल्युमेन देतो असे धरल्यास ५ ते ९ वॅटचा दिवा पुरतो. ९ वॅटचा दिवा रोज ७ तास लावला तरी महिन्यास २ युनिटांहून कमी वीज लागते. टाकी याहून खोल असल्यास तळाशी प्रकाश कमी पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे.

दिवा पांढऱ्या प्रकाशाचा, ६५०० केल्विनच्या आसपासचा घ्यावा. वनस्पतींना उपयुक्त असे तांबडे व निळे किरण त्यात असतातच. जांभळट रंगाच्या महाग दिव्यांची गरज नाही. गोल दिव्यापेक्षा टाकीच्या लांबीची नळी बरी, कारण तिचा प्रकाश सर्वत्र सारखा पडतो.

किती वेळ लावावा

आरंभी दररोज ६ तास दिवा लावावा व हळूहळू ८ तासांपर्यंत न्यावे. वेळ ठरलेली असावी. टायमर बसविल्यास विसर पडत नाही. वीज एखाद्या दिवशी गेली म्हणून या वनस्पतींचे बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी जादा तास देऊन ती भरपाई करू नये. टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नये आणि रात्री दिवा अवश्य बंद करावा. माशांनाही विश्रांती लागते.

काचेवर हिरवा थर किंवा पानांवर केसासारखे तंतू दिसू लागल्यास रोजचा एक तास कमी करून दोन आठवडे वाट पाहावी. उलट देठ लांबट होऊन नवी पाने फिकी व विरळ येत असल्यास एक तास वाढवावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कारण नेमके कळते.

सुरक्षितता

दिवा काचेच्या झाकणावर पक्का बसवावा, पाण्यात पडू शकेल असा टांगू नये. वायर सॉकेटच्या खालून वळण घेऊन वर यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.

टाकी मांडू इच्छिणाऱ्यांना ग्रामसेवकांनी प्रथम वनस्पती निवडण्यास सांगावे आणि मगच दिव्याचा हिशेब करून द्यावा. हा क्रम पाळल्यास खर्च वाचेल, पाणी निर्मळ राहील आणि मासेही जगतील.