यंत्राला तेल कोठे व किती?

करकरणाऱ्या दारावर तेलाचे दोन थेंब सोडले की ते गप्प बसते. त्यावरून आपला असा समज होतो की, जितके तेल अधिक तितके यंत्र सुखी. कारखान्यातील पुष्कळ बिघाड या समजातूनच उद्भवतात.

वंगणाचे खरे कार्य इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर यांच्या प्रयोगांतून उघड झाले. आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर केलेले हे प्रयोग १८८३ साली प्रसिद्ध झाले. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी भोक होते. खालून तेलात बुडालेला आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. लाकडी बूच मारले, तर तेही बाहेर ढकलले गेले! दाबमापक बसविला तेव्हा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढून नेतो आणि त्या पातळ थरावर सारा भार तरंगतो. म्हणजे जेथे दाब अतिशय, नेमके तेथेच तेलाचे भोक पाडलेले होते! ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली या थराचे गणित मांडले.

हा थर टिकविणे म्हणजेच वंगण. तेल फार पातळ असल्यास तो भाराखाली तुटतो. फार दाट असल्यास ते घुसळण्यातच शक्ती खर्ची पडते व उष्णता वाढते. ग्रीस ठासून भरण्याचा दोष तर कामसू माणसाकडूनच अधिक घडतो, असे मला वाटते. बेअरिंग तापले की तो आणखी ग्रीस भरतो, आणि ते अधिकच तापते! वास्तविक आतील रिकाम्या जागेचा तिसरा ते निम्मा भाग भरला की सामान्यतः पुरे. साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात एखादे मोठे बेअरिंग बसले, तर तोडलेला ऊस गाडीतच सुकत राहतो.

दोन जातींचे ग्रीस एकत्र करणेही घातक. लिथियम साबणाच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीचे ग्रीस मिसळले, की मिश्रण बहुधा सैल होऊन गळू लागते. रंग सारखा म्हणून जात एक, असे मुळीच नव्हे.

आता धूळ. गोळ्यांच्या बेअरिंगमधील थर मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही पातळ असतो. डोळ्यांना न दिसणारा कणही त्याहून जाड भरतो. गोव्याच्या खाणींवरील लाल धूळ काय किंवा बेळगावच्या ओतशाळांतील वाळू काय, उघड्या पिंपात सहज शिरते. म्हणून पिंप झाकलेले व नरसाळे स्वच्छ असावे. ग्रीसगन लावण्यापूर्वी निपल स्वच्छ फडक्याने पुसावे. नाहीतर त्यावरचा कण ग्रीसबरोबर थेट आत ढकलला जातो.