ताप ३९ की १०२?

मिरजेच्या दवाखान्यांत सांगली-कोल्हापूरबरोबरच कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. घरी परतताना हातात जो कागद असतो, त्यावर ताप कधी '३९' असा लिहिलेला असतो. आपल्या कानांना मात्र शंभर, एकशे दोन हीच भाषा सवयीची. "एकोणचाळीसच ना, मग ताप कुठला?" असे म्हणून घरचे निश्चिंत होतात. वास्तविक ३९ अंश सेल्सिअस म्हणजे १०२.२ अंश फॅरनहाइट, चांगलाच ताप!

सेल्सिअसला ९ ने गुणावे, ५ ने भागावे व ३२ मिळवावेत, ही रीत शाळेतली. मध्यरात्री मूल तापाने फणफणत असताना हे गणित कोण करणार? त्यापेक्षा ३७ म्हणजे ९८.६ एवढे पाठ करावे आणि पुढच्या प्रत्येक अंशाला १.८ मिळवीत जावे. ३८ म्हणजे १००.४ आणि ४० म्हणजे १०४.

'ताप एका अंशाने उतरला' या सांगण्यातही फसगत होते. सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे जवळजवळ दोन. म्हणून डॉक्टरांना फोनवर आकड्याबरोबर मापही सांगावे. डिजिटल थर्मामीटरवर आकड्याशेजारी 'सी' किंवा 'एफ' दिसते. काहींत बटण दाबून धरल्यास माप बदलते, तेव्हा ते अक्षर दर वेळी पाहावे.

तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप ३८ म्हणजेच १००.४ किंवा त्याहून अधिक भरला, तर घरगुती उपाय करीत न बसता लगेच दवाखाना गाठावा. मोठ्या माणसाला किरकोळ वाटणारा हा आकडा तान्ह्या बाळात गंभीर जंतुसंसर्गाची पहिली खूण असू शकतो.