ओढणे आणि ओढ

योहानकृत शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायातील ४४वे वचन उघडून समोर ठेवावे. पित्याने ओढल्यावाचून कोणीही आपणाकडे येऊ शकत नाही, असे प्रभू तेथे सांगतो. हे वाचून कित्येक भोळ्या बंधूंस भय वाटते. देवच जर ओढून नेतो, तर आमच्या इच्छेचे काय? जनावरास दावे लावून नेतात, तसे का आम्हांस न्यावयाचे आहे?

मूळ ग्रीक शब्द कठोर आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. फिलिप्पै शहरी पौल व सीला ह्यांस चौकात ओढीत नेले (प्रेषित १६:१९), तेथे हाच शब्द आहे. पेत्राने १५३ माशांचे जाळे काठावर ओढिले (योहान २१:११), तेथेही हाच. परंतु यिर्मयाच्या ३१व्या अध्यायात देवाच्या सार्वकालिक प्रीतीचे वचन आहे, तेथेही जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी हाच शब्द योजिला. आपली मराठी तर येथे फारच उपयोगी पडते. ज्या ओढण्यापासून ओढाताण निघाली, त्यापासूनच ओढही निघाली. अडून बसलेल्या बैलास दाव्याने ओढावे लागते. सांजवेळी गाईस वासराची ओढ असते, तिला कोणी हाकीत नाही.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) ह्याने ह्याच वचनावर बोलताना असाच गावढा दाखला दिला आहे. मेंढरास हिरवी डहाळी दाखवा, मुलास खाऊ दाखवा. दोघेही ओढले जातात, आणि दोरी कोणाच्याच गळ्यात नसते. हे त्याचे अनुभवाचे बोल होत. तरुणपणी मिलान शहरी तो बिशप अँब्रोज ह्याचे उपदेश ऐकावयास जाई, ते केवळ वक्तृत्वाच्या गोडीने. परंतु अँब्रोजाने त्या परक्या मनुष्यास मायेने जवळ केले. ऑगस्टीनाचे मन प्रथम त्या मायेवर जडले, शिकवण मागाहून पटली. पटल्यावरही जुन्या सवयी पदर सोडीनात. चांगले काय ते कळत होते, पण हवेसे वाटत नव्हते. इ. स. ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला.

सौंदर्याने मनुष्य फसतोही. एदेन बागेतील फळ डोळ्यांस मनोहरच होते. म्हणून मन ओढले गेले एवढ्यावरून वस्तू चांगली ठरत नाही. आपण उंच केले गेल्यावर सर्वांस आपणाकडे ओढू, असे प्रभूने म्हटले (योहान १२:३२), तेव्हा त्याचा रोख वधस्तंभाकडे होता. तेथे पाहण्याजोगे रूप नव्हते. होती ती प्रीती.

उपदेशक बंधूंनो, येथे आम्हांस आपलीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पाळकपणाच्या आरंभी एका वाडीत आम्ही उपासनेस न येणाऱ्यांची नावे मंडळीपुढे वाचीत असू. खोली भरू लागली, आणि आम्हांस धन्यता वाटली. आमची बदली झाली, त्याच महिन्यात ती रिकामी पडली. त्या वाडीत एक वृद्ध बाई होती. तिला अक्षरओळख नव्हती. कोणी तापाने पडला, की आपल्या घरची पेज घेऊन ती त्याच्याकडे जाई. तो मंडळीतला आहे की नाही, हे तिने कधी विचारिले नाही. पुढे कळले की, उपासना आता तिच्या ओसरीवर भरते, आणि आम्ही ज्यांची नावे वाचली, ते घोंगडी अंथरावयास लवकर येतात. नावांची ती वही अजून आमच्या पेटीत आहे.