हॉट रॉड : एका छोट्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण सहसा देवळांच्या किंवा वाड्यांच्या संदर्भात वापरतो. वीतभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या मोटारीसाठी तो वापरला तर काही वाचकांना हसू येईल. परंतु जुनी वस्तू दुरुस्त करताना मूळ कशाला म्हणावयाचे आणि नंतरची भर ठेवावयाची की काढावयाची, हा प्रश्न देवळाइतकाच खेळण्यालाही लागू पडतो. प्रस्तुत लेखात असा एक जुना संच दुरुस्त करून जोडण्याची पद्धत सांगण्याचा आणि त्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम 'हॉट रॉड' म्हणजे काय ते पाहू. १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीत आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे 'व्ही-एट' इंजिन बसविले. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या. तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्या विकत घेतल्या, मडगार्ड आणि बंपर काढून वजन कमी केले, इंजिने स्वतःच्या हातांनी सुधारली आणि कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या भरधाव पळविल्या. १९३७ साली त्यांच्या क्लबांची संघटना स्थापन झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' याच नावाचे मासिक निघाले. म्हणजे हॉट रॉड ही मुळातच एक बदललेली, हाताशी असेल ते वापरून पुन्हा घडविलेली जुनी गाडी होय. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

एएमटी, रेव्हेल, मोनोग्राम या अमेरिकन कंपन्यांनी अशा गाड्यांचे पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचे संच काढले. काही संचांतून मूळ गाडी, सुधारलेली गाडी आणि शर्यतीची गाडी यांपैकी हवी ती जुळणी करता येत असे. प्रमाण बहुधा एकास पंचवीस. १९३२ च्या फोर्डच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १०६ इंच, म्हणजे सुमारे २६९ सेंटिमीटर होते. म्हणून प्रतिकृतीत ते १०.८ सेंटिमीटरच्या आसपास भरले पाहिजे.

आमच्या गांधीबागेतील घराच्या माळ्यावर असाच एक संच निघाला. तो माझ्या दिवंगत काकांनी अर्धवट जोडून ठेवला होता. पत्र्याखालच्या कित्येक उन्हाळ्यांनी सांगाड्याला बाक आला होता, एक दिवा हरवला होता, आणि रबरासारखे मऊ टायर ज्या ज्या ठिकाणी टेकले होते तेथे प्लॅस्टिकला खड्डे पडले होते. टायरच्या व्हिनाइलमधील मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू पाझरून पॉलिस्टायरीन विरघळविते, त्याचा हा परिणाम.

आता पद्धत. पहिले काम हत्यार उचलण्याचे नव्हे, नोंद करण्याचे. सर्व भाग पांढऱ्या कापडावर मांडावेत, छायाचित्रे घ्यावीत आणि संचातील पत्रकाशी ताडून यादी करावी. मग कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश यांनी भाग धुवावेत.

सांधे सोडविताना गोंद कोणता ते ओळखावे लागते. प्लॅस्टिकचा खास सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो. असा सांधा ओढून निघत नाही, बारीक पात्याने कापावा लागतो. इतर गोंदांचे सांधे मात्र काही तास फ्रीझरमध्ये ठेवल्यास ठिसूळ होतात आणि हलक्या दाबाने सुटतात. वाकलेला सांगाडा गरम, पण उकळते नव्हे, अशा पाण्यात बुडवून सपाट काचेवर दाबून धरावा आणि तसाच गार पाण्यात घालावा. एका खेपेत बाक जात नाही. मी पाच खेपा केल्या.

रंग काढण्यासाठी मोटारीच्या रंगाचे एन. सी. थिनर चुकूनही वापरू नये. त्याने प्लॅस्टिकच चिरते आणि विरघळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आधी आतल्या बाजूस लावून पाहावे. चकचकीत भागांवरचा मुलामा म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये निघून जातो. ब्लीच आणि अल्कोहोल एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी द्रव्ये तयार होतात. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच.

हरवलेल्या दिव्याची दांडी मी संचातल्याच चौकटीच्या टाकाऊ काडीपासून केली. काडी मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडी वर धरून फिरवावी आणि मऊ होताच दोन्ही हातांनी ओढावी. हवी तितकी बारीक तार मिळते. समोरची काच क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने लावू नये, त्याच्या वाफेने ती धुरकट होते. फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो, तो पुरतो. टायर आणि चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची पट्टी घालावी, म्हणजे पुन्हा खड्डे पडणार नाहीत. नागपूरकरांसाठी आणखी एक सूचना : पावसाळ्यातील दमट हवेत लॅकरचा फवारा मारला तर रंगावर पांढुरकी झाक येते. हे काम दिवाळीनंतर करावे.

इथपर्यंत सारे तंत्र झाले. खरी अडचण रंगापाशी आली. काकांनी गाडीला ब्रशने लाल रंग दिला होता. ब्रशचे ओरखडे स्पष्ट दिसत होते आणि दाराजवळ ओघळही होता. पत्रकात असा रंग नव्हता. त्याच पेटीत वाळून दगड झालेला ऑइल पेंटचा डबा होता. आत्याने तो पाहताच ओळखला. तान्ह्या पोळ्याला घरातल्या लाकडी नंदीची झूल काका याच डब्यातून रंगवीत असत.

मित्रांचे मत पडले की, तो रंग काढावा आणि गाडी खोक्यावरच्या चित्रासारखी करावी. हा युक्तिवाद दुबळा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनीही मागाहूनची भर बाजूला काढून जुन्यात जुना पाठ शोधला होता. परंतु त्यांनी बाजूला काढलेले पाठ फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. पोथीतील शब्द असे दुसरीकडे उतरवून ठेवता येतात. अल्कोहोलने पुसलेला रंग कोणत्या तळटीपेत ठेवणार?

याउलट तान्ह्या पोळ्याचा नंदी पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल ओढीत नेतात. जुना नंदी पुन्हा रंगविला म्हणून त्याचे मूळपण गेले असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक पिढीचा हात त्याच्यावर फिरावा हीच तेथील रीत. हॉट रॉड स्वभावाने याच जातीची वस्तू आहे. कॅलिफोर्नियातल्या मुलांनी कारखान्याची गाडी हाताशी होते त्या साधनांनी आपली केली. काकांनी कारखान्याचा संच नंदीच्या रंगाने आपला केला. तो रंग काढणे म्हणजे खोक्यावरच्या चित्राशी इमान राखून हॉट रॉडच्या कल्पनेशी बेइमानी करणे होय, असे मला वाटले.

म्हणून मी एक भेद केला. उष्णतेने, धुळीने आणि टायरच्या द्रव्याने जे बिघडविले ते दुरुस्त केले; माणसाच्या हाताने जे केले ते ठेवले. खड्डे पुट्टीने भरून तेवढ्याच जागी लाल रंग लावला. ओघळ तसाच आहे. नवा दिवा, भरलेले खड्डे, बदललेले सांधे यांची यादी तारखेसह खोक्यात ठेवली आहे, म्हणजे पुढे कोणाला वेगळा निर्णय घ्यावयाचा असेल तर माझे काम कोठे सुरू होते हे त्याला कळेल.

हा नियम सर्वत्र लागू होईल असा माझा दावा नाही. संग्रहालयातील मूर्तीला एक न्याय आणि घरातील नंदीला दुसरा, हे उघडच आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर मोडका नंदी, बाहुली, भोवरा असे काहीतरी असेलच. त्यावर नवा रंग चढविण्यापूर्वी जुना रंग कोणी दिला, एवढे घरातील वडीलधाऱ्या मंडळींना अवश्य विचारावे. त्या उत्तरावर पुढचे पुष्कळसे काम ठरते.