चहाचा मळा : शिक्षकांसाठी पाठ

चहाची पूड बहुतेक मुलांच्या घरी असते. चहाचे झाड मात्र फारच थोड्यांनी पाहिलेले असते. म्हणून शिक्षकांनी नकाशावर दार्जिलिंग दाखवून वर्गाला मनाने कर्सियांगजवळच्या मकाईबारी मळ्यावर न्यावे. मकाईबारी म्हणजे मक्याचे शेत. येथे १८५९ साली चहाचा कारखाना उभा राहिला. ती जुनी वास्तू २०१७ साली आगीत जळाली.

या मळ्याने लागवडीपेक्षा अधिक क्षेत्र वनाखाली राखले आहे. ती काही हौस नव्हे. १९६८ च्या ऑक्टोबरातील अतिवृष्टीत या जिल्ह्यात दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. उतारावरची माती झाडांची मुळे धरून ठेवतात, आणि झुडपांखाली अंथरलेला पालापाचोळा पावसाचा मार सोसतो. रासायनिक खतांऐवजी येथे शेणखत व पाला वापरतात. त्याने उत्पन्न काहीसे घटते, हेही मुलांना सांगावे.

चहाचे रोप मोकळे वाढू दिले तर त्याचा वृक्ष होतो. छाटणी करून ते कमरेइतके ठेवतात आणि दोन पाने व एक कळी एवढाच कोंब खुडतात. खुडणाऱ्या बहुधा स्त्रियाच. कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याला त्यांची ‘डोको’ नावाची बांबूची टोपली पाठीवर लटकते. या डोंगरातील मळ्यांवर मजुरांची घरेही सामान्यतः मळ्याच्याच जमिनीवर असतात. काम सुटले तर घर सुटेल, ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. चहाच्या किमतीचा विचार करताना ही गोष्ट वगळू नये.

खुडलेली पाने रात्रभर कोमेजवून मग यंत्रात वळतात. पेशी फुटून रस बाहेर येतो, हवेशी त्याचा संयोग होतो आणि पाने तांबूस होतात. या क्रियेला ‘आंबवणे’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण दही विरजते तसे येथे जंतूंचे काम नसते. चिरलेले वांगे काळे पडते, त्याच जातीची ही क्रिया आहे. उष्ण हवेने पाने वाळविली की ती थांबते. आपल्याकडील दाणेदार पूड बहुधा आसामकडची, यंत्राच्या दातेरी रुळांत चिरडून केलेली असते. दोन्ही नमुने मिळाल्यास ते गरम पाण्यात भिजवून, पाने उलगडून दाखवावीत.

एक किलो चहाला सुमारे साडेचार किलो ओली पाने लागतात. पाव किलो मेथीची पाने वर्गात तोलून सावलीत वाळवावीत, आणि आठवड्याने मुलांकडूनच पुन्हा तोलून घ्यावीत.