शिट्टी न होणारा कुकर

प्रेशर कुकरने आपल्याला बिनधास्त करून ठेवलं आहे. राजमा असो, छोले असोत की बोकडाचं मटण, झाकण लावायचं आणि शिट्ट्या मोजायच्या. आत वाफ कोंडली की पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि त्या धगीत स्वयंपाकातल्या बऱ्याच चुका निस्तरतात. अमेरिकेत संसार थाटलेली मराठी घरं हीच सवय घेऊन स्लो कुकरपाशी उभी राहतात. सकाळी कामावर निघताना सगळं एका भांड्यात टाकायचं, बटण फिरवायचं, संध्याकाळी आयतं गरम जेवायचं, हे त्यांनी ऐकलेलं असतं. पण या कुकरला शिट्टी नाही, वाफेचा दाब नाही, आणि चुका निस्तरण्याची ताकदही नाही.

न्यू जर्सीतल्या एका दिवाळी पॉटलकला हे आम्हा सगळ्यांच्याच पोटाला कळलं. एका तरुण जोडप्याने राजमा आणला होता. रात्रभर भिजवलेला, पाणी बदललेलं, सकाळी कांदा-टोमॅटोसकट स्लो कुकरमध्ये 'लो'वर लावलेला. चव झकास होती. दाणा मात्र दाताखाली किंचित करकरत होता. 'जरा कच्चा राहिला वाटतं' एवढं म्हणून लोकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दोनेक तासांत एकेकाला मळमळायला लागलं, मग उलट्या सुरू झाल्या. आधी सगळा आळ श्रीखंडावर आला. ज्यांनी श्रीखंडाला हातही लावला नव्हता तेही आडवे झाले, तेव्हा कुणीतरी विषबाधेच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं ते हेच की जेवणात लाल राजमा होता का आणि तो कशात शिजवला.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ आणि उलट्या, मग जुलाब, आणि बहुतेकांना पुढच्या काही तासांत उतार, असा त्याचा क्रम. खळखळत्या उकळीत हे विष मोडतं. ८० अंशांच्या आसपास ते मोडत नाहीच, उलट कच्च्या दाण्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकतं, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सांगतं. स्लो कुकरमध्ये शिजवलेल्या पदार्थांचं तापमान मोजलं तेव्हा ते पुष्कळदा ७५ अंशांपुढे गेलेलंच नव्हतं. म्हणजे आठ तास शिजून राजमा जास्तच बाधतो. आपल्याकडे प्रेशर कुकरमध्ये राजमा सुरक्षित होऊनच बाहेर येतो, म्हणून आईने किंवा सासूने कधी याची ताकीद दिलेली नसते.

उपाय सोपा आहे. राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळायचा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालायचा. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, तो थेट चालतो. छोले, चवळी, मूग यांत हे लेक्टिन राजम्याच्या मानाने बरंच कमी असतं, तरी त्यांनाही आधी एक चांगली उकळी आणलेली बरी. टोमॅटो, चिंच, आमसूल मात्र दाणा पुरता मऊ झाल्यावरच घालायचं. आंबटात कडधान्य मऊ होत नाही, आणि मंद आचेवर तर मुळीच नाही.

गंमत म्हणजे हे यंत्र जन्माला आलं तेच कडधान्यासाठी. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू घरांतून शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी घेवड्याचं आणि मांसाचं भांडं पाववाल्याच्या निवत्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काढून जेवायचे, ही त्याच्या आईने सांगितलेली आठवण त्यामागे होती. त्याच्या कुकरचं नावही 'नॅक्सन बीनरी' होतं. पुढे रायव्हल कंपनीने ते विकत घेऊन १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

मटणाला स्लो कुकरसारखं भांडं नाही. खांदा, नळी, पाया अशा चिवट भागांतलं कोलॅजन ७०-८० अंशांवर तासन् तास राहिलं की विरघळतं आणि रस्सा अंगचाच दाट होतो. गावाकडे चुलीच्या वैलावर दिवसभर रटरटणाऱ्या रश्शाची सर त्याला येते. धोका असतो तो गोठलेल्या मांसाचा. अमेरिकेत बोकडाचं मटण बहुधा फ्रोझन मिळतं, आणि सकाळच्या घाईत बर्फाचा गोळा तसाच भांड्यात टाकायचा मोह होतो. तो गोळा सुटून तापेपर्यंत मांस ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात कितीतरी वेळ रेंगाळतं, आणि जिवाणू वाढतात ते याच पट्ट्यात. मटण आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली उतरवून सुटू द्यावं, पहिला तास 'हाय'वर आणि मग 'लो'वर ठेवावं. तयारी रात्रीच करायची तर मांस आणि भाज्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. भरलेलं भांडंच फ्रिजमधून काढून गरम बैठकीवर ठेवलं तर चिनीमातीला तडा जातो.

भांडं अर्ध्यापेक्षा कमी किंवा दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. बटाटा, गाजर, सुरण तळाशी आणि कडेला, मांस वर. कारण या मंद आचेवर कंदांना मांसापेक्षा जास्त वेळ लागतो. पाणी नेहमीपेक्षा बरंच कमी घालायचं, कारण झाकणाखाली ते आटतच नाही. नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलं की संध्याकाळी रश्शाऐवजी सूप वाढावं लागतं. मधूनमधून झाकण उघडून ढवळायची खोडही सोडायला हवी. दर वेळी वाफ निघून जाते आणि शिजायला पंधरा-वीस मिनिटं वाढतात.

स्लो कुकरमध्ये कांदा लाल होत नाही, खोबरं खमंग होत नाही आणि फोडणी तडतडत नाही. कच्चा कांदा टाकला तर रश्शाला शेवटपर्यंत एक गोडसर उकडलेला वास राहतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण कढईत तेल सुटेपर्यंत परतणं आणि मटण त्यात दोन मिनिटं फिरवणं एवढं काम सकाळी करावंच लागतं. लवंग, दालचिनी, वेलदोडा आठ तासांत अंगावर येतात, ते निम्मेच घालायचे. गोडा मसाला आणि कोथिंबीर यांचा वास तेवढ्या वेळात उडून जातो, ती शेवटी. नारळाचं दूध, दही, साय शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर फुटतात. कोळंबी आणि मासळी तर शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांतच घालावी. कोंबडीची हाडासकट तंगडी यात छान होते. छातीचा भाग मात्र दिवसभर ठेवला तर भुसभुशीत आणि कोरडा होतो.

उरलेलं अन्न त्याच जड भांड्यात फ्रिजमध्ये ठेवलं तर आतून निवायला फार वेळ लागतो. दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढावं. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये. स्लो कुकर गार अन्न पुरेशा वेगाने तापवू शकत नाही. उशिरा सुरू होणारा टायमर लावला तरी कच्चं मांस बाहेर दोन तासांहून जास्त राहता कामा नये.

हल्ली परतीच्या सामानात हा कुकर पुण्या-मुंबईलाही येतो. वीज फारशी लागत नाही. अडीचशे वॅटचा कुकर आठ तासांत दोन युनिट खातो. पण अमेरिकेतला कुकर ११०-१२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला नुसती पिन बदलून लावला की जळतो, त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यातून वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर घर रिकामं असताना तो लावूच नका. डिजिटल मॉडेल वीज परत आल्यावर बहुधा बंदच राहतं. साधं बटणाचं मॉडेल आपोआप पुन्हा सुरू होतं आणि मधे किती वेळ गेला ते कळू देत नाही. तुम्ही बाहेर असताना वीज गेल्याचं शेजारणीकडून समजलं, तर वरून शिजल्यासारखं दिसलं तरी ते मटण टाकून द्या आणि त्या रात्री पिठलं-भात करा.